बारचार्टवर न काढलेले बाण

नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला महापे, पावणे, रबाळे ही औद्योगिक वसाहत. पश्चिमेला रेल्वेमार्ग ओलांडला की कोपरखैरणे, आणि त्याला लागून बोनकोडे गाव. रस्त्याच्या एका अंगाला, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या सकाळच्या बैठकांत, ‘माझं झालंय, पण डिपेंडन्सी आहे’ हे वाक्य रोज ऐकू येतं. दुसऱ्या अंगाला जुनं घर पाडून नवं उभारणारा मिस्त्री कपाळावर हात मारून सांगतो, ‘लाईटवाला आला नाय, प्लास्टर कसं करू?’ दोघांची अडचण एकच. माझं काम दुसऱ्या कुणाच्या कामावर अडलंय, आणि ते कुणाला दिसत नाही.

ते दिसावं म्हणून गेली शंभरेक वर्षं माणसं कागदावर आणि नंतर पडद्यावर रेघा ओढत आली. त्यामागचं गणित साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच सुटलं. चित्र कसं काढावं हेही बऱ्यापैकी कळलेलं आहे. तरी कामं रखडतातच, आणि माझ्या मते त्याचा दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारण्यात अर्थ नाही. सर्वांत महत्त्वाचे बाण, म्हणजे ‘हे झाल्यावरच ते’ सांगणाऱ्या रेघा, दोन वेगळ्या मालकांच्या कामांना जोडतात. ते काढायला दोघांपैकी कुणीच तयार नसतं.

आधी घराचंच घेऊ, कारण सगळी गंमत तिथे आहे. बोनकोड्यासारख्या गावठाणातलं किंवा शेजारच्या सेक्टरातलं सिडकोचं बैठं घर पाडून दोन मजले चढवायचे आहेत असं समजा. ठेकेदार एक बारचार्ट देतो. डावीकडे कामांची नावं, वर आठवडे, आणि प्रत्येक कामासमोर आडवी पट्टी. पट्ट्या जिन्यासारख्या उतरत जातात, त्यामुळे कागद शिस्तीचा वाटतो. पण तिसरी पट्टी दुसरीनंतर का आहे? दुसरीवाचून तिचं काम होणारच नाही म्हणून, की तेव्हा माणसं मोकळी असतात म्हणून? पट्टी हे सांगत नाही. पाऊस लवकर आला आणि एक काम आठ दिवस सरकलं, तर मागून काय काय सरकेल हे त्या कागदावरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आता त्याच घराचे बाण काढू. पहिल्या मजल्याचा स्लॅब भरला. त्याआधी पंखे-दिव्यांचे पाईप सळईच्या जाळीत टाकून झाले पाहिजेत. तिथे हुकलं की पुढे छिन्नी मारत बसावं लागतं. स्लॅब भरल्यावर टेकू लगेच काढता येत नाहीत. आपलं काँक्रीटचं भारतीय मानक, आय.एस. ४५६, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याखालचे चौदा दिवस ठेवायला सांगतं. सहा मीटरपर्यंतच्या तुळईला चौदा दिवस, त्यापुढे एकवीस. हे आकडे साध्या पोर्टलँड सिमेंटचे. राखमिश्रित सिमेंट असेल तर आणखी धीर धरावा लागतो. या चौदा दिवसांत तिथे कुणी काम करत नाही, तरी वेळ जातो. नियोजनाच्या भाषेत हा ‘लॅग’. बारचार्टवर तो नुसत्या रिकाम्या जागेसारखा दिसतो आणि घाईत असलेल्या मालकाला वाटतं, ठेकेदार टंगळमंगळ करतोय.

स्लॅब भरल्याचा दिवस शून्य धरा. चौदाव्या दिवशी टेकू निघाले. वीटकाम आठ दिवस, म्हणजे बावीस. भिंती खोदून पाईप बसवायला तीन दिवस, पंचवीस. प्लास्टर आठ दिवस, तेहेतीस. लादी सात दिवस, चाळीस. ही मुख्य साखळी. तिच्या बाजूने दुसरी चालते. खिडक्यांचं माप वीटकाम झाल्याशिवाय घेता येत नाही, म्हणजे बाविसाव्या दिवशी. कारखान्यात बारा दिवस लागले की चौतिसाव्या दिवशी खिडक्या तयार. बसवायच्या आहेत लादीनंतर, चाळिसाव्या दिवशी. म्हणजे खिडक्यांकडे सहा दिवसांची सवड आहे. यालाच ‘फ्लोट’ म्हणतात. आता घरात ॲल्युमिनियमचा रंग पांढरा की तपकिरी यावर दहा दिवस खल झाला. सवड सहाची, उशीर दहाचा, म्हणून घर चार दिवस लांबलं. मुख्य साखळीत कुणाचीच चूक नव्हती. आणि ठेकेदाराच्या कागदात ‘मालकाने रंग ठरवणे’ नावाची पट्टीच नव्हती.

गावठाणात तर याहून मोठी पट्टी सुटलेली असते. जागा सामाईक असेल तर भावकीच्या सह्या. शेजाऱ्याशी भिंत सामाईक असेल तर त्याची तयारी. महापालिकेच्या नगररचना विभागाची परवानगी, मग जोत्यापर्यंत काम झालं की त्याची तपासणी. हे सगळे बाण बाहेरून येतात, आणि बांधकामाचा कार्यक्रम मात्र ‘पाडकाम’ या पट्टीपासून सुरू झालेला असतो. आपल्याकडे मृगाआधी स्लॅब भरून झाला पाहिजे ही घाई प्रत्येकाच्या तोंडी असते. पण तो स्लॅब ज्या सहीवर अडलाय, ती सही एप्रिलात कुणी मागितली होती का, हे विचारणारा घरात एखादाच.

याचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर त्यात एक उलटा प्रवास आहे. पोलंडचे अभियंते कारोल अदामिएत्स्की यांनी १८९६ च्या सुमारास ‘हार्मोनोग्राम’ नावाचा तक्ता काढला. त्यात प्रत्येक कामाच्या पट्टीवर ते कुठल्या कामाकडून येतं आणि पुढे कुठे जातं, हे लिहिलेलं असे. म्हणजे जोड चित्रातच होती. पण तो छापला गेला पोलिश आणि रशियन भाषेत, आणि जगभर गाजला तो पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत रुजलेला हेन्री गँट यांचा तक्ता, ज्यात जोडण्या नव्हत्या. सोपं चित्र जिंकलं. पुढे १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीत मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी क्रिटिकल पाथची, म्हणजे वर घराच्या उदाहरणात काढली तशी मुख्य साखळी शोधायची, रीत बसवली. त्याच सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट हे तसंच तंत्र आलं. १९६१ मध्ये स्टॅनफर्डच्या जॉन फोंडाल यांनी दाखवून दिलं की बांधकामवाल्याला यासाठी संगणकही नको. काम चौकटीत लिहा, चौकटींमध्ये रेघा ओढा, हाताने आकडेमोड करा. आजची बहुतेक सॉफ्टवेअरं आतून फोंडाल यांच्याच वाटेने चालतात. सिव्हिलच्या विद्यार्थ्यांना मात्र अजूनही बाणावर काम लिहायची जुनी पद्धत आणि तिच्यातल्या ‘डमी’ कामांची कटकट शिकवली जाते. ती का टिकली, हे परीक्षा काढणाऱ्यांनाच ठाऊक.

मग सॉफ्टवेअर आलं. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट १९८४ पासून, प्रायमावेरा १९८३ पासून. प्रायमावेरा २००८ मध्ये ओरॅकलने विकत घेतलं. आपल्याकडच्या मोठ्या पायाभूत कामांच्या निविदांत कार्यक्रम या दोहोंपैकी एकात द्या, अशी अट सर्रास असते. दोन्हींत गँटच्या पट्ट्यांवरच बाण चढवलेले असतात. वीस कामं असतील तोवर हे छान दिसतं. दोनशे झाली की बाण एकमेकांवर चढतात. दोन हजार झाली की पडदा काळा होतो आणि नियोजक मुकाट्याने बाण बंद करून ठेवतो. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक साइट ऑफिसात भिंतीवर लावलेल्या प्रिंटमध्ये बाण नव्हतेच. म्हणजे लाखभर रुपयांचं सॉफ्टवेअर घेऊन आपण पुन्हा गँटच्याच कागदाशी येऊन थांबतो.

रेघा एकमेकींना छेदू नयेत अशी मांडणी करणं हे गणितातलंही अवघड प्रकरण आहे. १९८१ मध्ये कोझो सुगियामा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी कामं थरांत लावून छेद कमी करण्याची पद्धत दिली. आज जाळं आपोआप काढून देणारी बहुतेक साधनं तिचाच आधार घेतात. पण छेद कमीत कमी करण्याचं नेमकं उत्तर काढणं मोठ्या जाळ्यात संगणकालाही परवडत नाही असं मानलं जातं, त्यामुळे मिळतं ते ‘बऱ्यापैकी’ चित्र. बाणाच्या टोकाबद्दलही संशोधन झालंय. डॅनी होल्टन आणि यार्के व्हान वाइक यांनी २००९ मध्ये लोकांना बसवून तपासलं, तेव्हा टोकाच्या त्रिकोणापेक्षा एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला निमुळती होत जाणारी रेघ दिशा चांगली दाखवते असं आढळलं. इतकी वर्षं झाली, तरी मला रोजच्या वापरातल्या एकाही नियोजन सॉफ्टवेअरात अशी रेघ भेटलेली नाही.

उपयोगी ठरला तो दुसराच उपाय: सगळं एकदम दाखवू नका. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टच्या २०१३ च्या आवृत्तीत एखादं काम निवडलं की त्याच्या मागचीच कामं रंगून दिसतात, आणि त्यातलंही नेमकं कोणतं काम तारीख ढकलतंय ते वेगळ्या रंगात येतं. प्रायमावेरात एका कामापासून मागेपुढे जोडण्यांचा माग काढत जायची सोय आहे. माणसाला असतो तो प्रश्न मुळात एवढाच. ‘माझं हे काम कुणामुळे अडलंय आणि माझ्यामुळे कोण अडणार आहे?’ त्याला दोन हजार बाणांचं जाळं कशाला हवं? महापे-ऐरोलीच्या सॉफ्टवेअर कार्यालयांत चालणाऱ्या जिरासारख्या साधनांनी तर चित्र जवळपास सोडूनच दिलं. कामाच्या पानावर ‘याला अमुक अडवतंय’ एवढी ओळ असते. दिसायला गरीब, पण रोजच्या कामाला पुरते. फक्त सहा संघांचं मिळून काम कधी संपेल हे त्या ओळींवरून कळत नाही. मग कुणीतरी एक्सेल उघडतं.

दोन प्रकारची चित्रं मात्र उगीच दुर्लक्षित राहिली. एक, अंतर आणि वेळेचा तक्ता. रेल्वेच्या कंट्रोल रूममध्ये गाड्यांचा आलेख असतो तसा; एका अक्षावर किलोमीटर, दुसऱ्यावर दिवस, आणि प्रत्येक टोळीचं काम म्हणजे एक तिरकी रेघ. रस्ता, लोहमार्ग, मेट्रो, जलवाहिनी अशा लांबट कामांत दोन रेघा जवळ येताना दिसल्या की एक टोळी दुसरीच्या पाठीवर आदळणार हे महिनाभर आधी कळतं. बाण एकही लागत नाही. दुसरा, डोनाल्ड स्टुअर्ड यांनी १९८१ मध्ये मांडलेला चौकोनी तक्ता. आडवी-उभी तीच कामं, आणि जिथे एक दुसऱ्यावर अवलंबून तिथे खूण. यात वर्तुळं पकडता येतात. क्रिटिकल पाथच्या गणिताला वर्तुळ चालतच नाही. अ नंतर ब, ब नंतर पुन्हा अ असं लिहिलं की सॉफ्टवेअर चूक दाखवतं. पण खऱ्या कामात नकाशा परवानगीला जातो, शेरे येतात, नकाशा बदलतो, पुन्हा जातो. त्या फेऱ्या चित्रात बसत नाहीत म्हणून नियोजक ‘परवानगी: ३० दिवस’ अशी एक पट्टी काढून मोकळा होतो. सगळ्यात जास्त खोटी पट्टी तीच असते.

नवी मुंबईत या सगळ्याचा कस लागला तो विमानतळावर. ११६० हेक्टर जागा, २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी, फेब्रुवारी २०१८ मध्ये पायाभरणी, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन. आकडे सगळ्यांना पाठ आहेत. जोडण्या बघा. जागेत नव्वदेक मीटर उंचीचा उलव्याचा डोंगर होता, तो फोडायचा होता. त्याच दगडमातीने खालची दलदलीची जमीन भरायची होती. म्हणजे डोंगरफोड पूर्ण संपल्यावर भराव अशी जोड नाही. फोड सुरू झाली की थोड्या अवकाशाने भराव सुरू, आणि मग दोन्ही एकमेकांच्या वेगाने. भरावाच्या वाटेत उलवे नदी, तिचा प्रवाह आधी वळवायला हवा. सुरुंग लावायचे तर तरघर, कोंबडभुजे, उलवे, चिंचपाडा अशी दहा गावं-पाडे आधी हलायला हवेत. ते हलायला साडेबावीस टक्के विकसित भूखंडांचं पॅकेज आणि पुष्पकनगर वगैरे ठिकाणची जागा आधी तयार हवी. टाटा पॉवर आणि महापारेषणच्या अतिउच्चदाब वाहिन्या जागेवरून जात होत्या, त्यांची गंमत आणखी वेगळी. नवी वाहिनी चालू होईपर्यंत जुनी बंद करताच येत नाही, कारण शहराची वीज तिच्यातून जाते. पाठ्यपुस्तकांत कामांच्या चार प्रकारच्या जोडण्या सांगतात. त्यातली चौथी, ‘पुढचं सुरू झाल्याशिवाय मागचं संपायचं नाही’, ही वापरूच नका असं बहुतेक शिक्षक बजावतात. इथे ती अशी धडधडीत समोर उभी होती.

आता हे बाण कुणाचे? डोंगर आणि नदी सिडकोच्या ठेकेदारांकडे, वाहिन्या वीज कंपन्यांच्या, मंजुरी दिल्लीची, धावपट्टी आणि टर्मिनल विमानतळ बांधून चालवणाऱ्या सवलतदार कंपनीचं, आणि घर सोडायचा निर्णय त्या घरातल्या माणसाचा. गावकऱ्याच्या दृष्टीने साखळी उलटी वाचली जाते. भूखंडाचा ताबा आणि भाडं आधी, घर रिकामं नंतर. १९८४ च्या जानेवारीत सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या उरण-जासईच्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्यातूनच पुढे जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देणारी साडेबारा टक्के योजना आली. ही आठवण असलेल्या पट्ट्यात ‘आधी काय, नंतर काय’ हा कोरडा तांत्रिक प्रश्न कसा राहील? नियोजकाच्या पडद्यावर ‘पुनर्वसन’ ही एक पट्टी असते. गावात तीच दहा-वीस बाणांची साखळी असते, आणि त्यातला प्रत्येक बाण कुणाच्या तरी शब्दावर उभा असतो.

उरणच्या लोकलचंही तेच. खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोचा, ३३ टक्के रेल्वेचा. खारकोपरपर्यंत गाडी ११ नोव्हेंबर २०१८ ला धावली आणि तिथून उरणपर्यंत १२ जानेवारी २०२४ ला. मधल्या पाच वर्षांची कारणं शोधायला गेलात तर रूळ आणि सिमेंट कमी, जमिनीचा ताबा आणि परवानग्या जास्त भेटतील. खाडीकिनारी तर २०१८ च्या निकालानंतर कांदळवन तोडायचं असेल तर सार्वजनिक प्रकल्पालाही उच्च न्यायालयाची परवानगी लागते. न्यायालयाच्या तारखेला कोणत्या सॉफ्टवेअरात ‘कालावधी’ भरायचा?

बेलापूर-पेंधर मेट्रो तर नमुनाच आहे. ११.१ किलोमीटर, ११ स्थानकं, काम २०११ मध्ये सुरू, गाडी सुरू १७ नोव्हेंबर २०२३ ला. शेवटच्या टप्प्यात चाचण्या, आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन व मानक संस्थेची तपासणी, मग मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांचं प्रमाणपत्र अशी सरळ साखळी असते, ती कुणालाही काढता येते. पण सेवा अखेर सुरू झाली ती औपचारिक उद्घाटन सोहळ्याशिवाय, आणि त्याचं प्रवाशांना काय बरं वाटलं! ‘प्रमुख पाहुण्यांची वेळ’ ही जोडणी आपल्याकडच्या किती कार्यक्रमांत अदृश्य शाईने लिहिलेली असते, याचा हिशेब एकदा कुणीतरी मांडावा.

काढलेले बाणही प्रामाणिक असतीलच असं नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या कंत्राट-तपासणी संस्थेने कार्यक्रम तपासायच्या चौदा कसोट्या ठरवल्या आहेत. मागे किंवा पुढे जोडणीच नसलेली कामं पाच टक्क्यांहून जास्त नसावीत, साध्या ‘एक संपलं की दुसरं’ जोडण्या किमान नव्वद टक्के असाव्यात, लॅग पाच टक्क्यांच्या आत असावेत, अशा त्या साध्या कसोट्या. आपल्याकडच्या ठेकेदाराच्या फाइलला त्या लावून बघा. तारखा हाताने ठोकून बसवलेल्या सापडतील. ‘३१ मार्च’ हे बंधन म्हणून टाकलेलं असतं आणि मागची सगळी गणितं त्याला नमस्कार करत मागे सरकतात. अशा फाइलीतले बाण शोभेचे. तारीख आधी ठरलेली असते आणि बाण मागाहून तिला साक्षीदार म्हणून उभे केलेले असतात.

मग कुठलं चित्र बरं? माझा कौल भिंतीवरच्या चिठ्ठ्यांना आहे. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९० च्या दशकात ‘लास्ट प्लॅनर’ नावाची पद्धत घडवली. तिच्यात प्रत्यक्ष काम करणारे फोरमन, वायरमन, प्लंबर एकत्र बसतात, शेवटच्या कामापासून उलटे येतात आणि प्रत्येक जण आपल्या चिठ्ठीवर लिहितो, ‘हे मी करीन, पण त्याआधी मला अमुककडून अमुक हवंय.’ बाण काढतो तो ज्याला तो टोचणार आहे तोच. नंतर हवं तर ते प्रायमावेरात भरा. पुढच्या सहा आठवड्यांपुरतंच पाहायचं, त्यापलीकडचं नंतर. यात सॉफ्टवेअरची किंमत कमी होत नाही, कारण सवडीची आकडेमोड त्यानेच करावी. फक्त जोडण्या त्याने किंवा एकट्या नियोजकाने ठरवू नयेत.

नवी मुंबईत सध्या सिडकोच्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची चर्चा सेक्टरासेक्टरात चालू आहे. कोपरखैरणे, वाशी, नेरूळमधल्या सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभांत विकासक रंगीत बारचार्ट दाखवतात आणि सभासद शेवटची तारीख तेवढी वाचतात. तसं करू नका. तीन गोष्टी लेखी मागा: जोडण्या दाखवणारा कार्यक्रम, क्रिटिकल पाथवरच्या कामांची यादी, आणि प्रत्येक बाहेरच्या परवानगीसमोर ती कोण आणणार त्याचं नाव. घर रिकामं करायची तारीख कुठल्या कामाला जोडली आहे ते विचारा, आणि ते काम पूर्ण झालेलं दिसल्याशिवाय घर रिकामं करू नका.